एका मायक्रोफोनसमोरचे दोन भाऊ

अमेरिकेतील अलाबामात, कापसाच्या शेतात राबत वाढलेले आयरा व चार्ली हे सख्खे भाऊ 'लूव्हिन ब्रदर्स' म्हणून कंट्री संगीतात गाजले. १९५५ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात त्यांना स्थान मिळाले. वरचा सूर कोणी घ्यायचा, हे ते ओळीच्या मध्येच, खुणेविना बदलत. श्रोत्यास पत्ताही लागत नसे. पापपुण्याची गीते रचणारा आयरा मात्र मद्यासक्त आणि कोपिष्ट. मॅन्डोलिन सुरात लागले नाही, तर मंचावरच आपटून फोडी! १९६३ मध्ये चार्लीने साथ सोडली. २० जून १९६५ रोजी मिसूरीत आयराच्या मोटारीवर दुसरी मोटार आदळली आणि तो गेला. त्या मोटारीचा चालक मद्यधुंद होता. पुढे चार्ली ४५ वर्षे गायला. दुहेरी सुराची ओळ आली की तो नकळत मायक्रोफोनपासून किंचित बाजूला सरके.