३१० विरुद्ध ३०३

शिकागोची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. ११ सप्टेंबर १८९३, सर्वधर्म परिषद, स्वामी विवेकानंदांचं ते पहिलं संबोधन आणि टाळ्यांचा कडकडाट. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी भगवा फेटा बांधून ते भाषण म्हणतंच. पण त्या परिषदेच्या आयोजन समितीचे अध्यक्ष कोण होते, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांचं नाव जॉन हेन्री बॅरोज. ते शिकागोतल्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक होते. आणि गंमत अशी की, आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात त्यांच्याच पंथाची जनरल असेंब्ली भरली होती, आणि तिने या परिषदेबद्दल नापसंती दाखवणारा ठराव केला होता.

म्हणजे एकाच पंथातला एक माणूस जगभरच्या धर्मांना घरी बोलावतोय, आणि त्याच पंथाची सर्वोच्च सभा म्हणतेय की हे आम्हाला पसंत नाही. दोघंही प्रामाणिकच. बॅरोज काही ‘सगळे धर्म सारखेच’ असं मानणारे नव्हते. शेवटी ख्रिस्ती धर्मच सगळ्यांना पुरून उरेल, याची त्यांना खात्री होती. पुढे १८९६ च्या अखेरीस ते व्याख्यानं द्यायला भारतात आले, तेव्हा विवेकानंदांनी लंडनहून पत्र लिहून, मतभेद बाजूला ठेवून या पाहुण्याचं नीट स्वागत करा, असं देशबांधवांना कळवलं होतं. फेटा बांधणाऱ्या मुलांना हा भागही शिकवायला हवा, असं मला नेहमी वाटतं.

पॉडकास्टच्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही शिकागोवरून भराभर पुढे गेलो. इथे थोडं थांबू या, कारण प्रेस्बिटेरियन लोक इतरांशी नातं कसं ठरवतात, हे समजायला ती दोन दृश्यं पुरेशी आहेत.

आधी रचना. ‘प्रेस्बिटेरोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या निवडलेल्या प्रतिनिधींना ‘वडील’च म्हणतात. या पंथात पोप नाही, बिशपही नाही. स्थानिक मंडळीचे वडील आणि पाळक मिळून ‘सेशन’, अनेक मंडळ्यांची मिळून ‘प्रेस्बिटरी’, त्यावर ‘सिनड’ आणि सगळ्यात वर जनरल असेंब्ली. असेंब्लीत पाळक आणि वडील निम्मे निम्मे. त्यांनी आपल्या गावाचा निरोप पोचवायचा नसतो, तर चर्चा ऐकून सदसद्विवेकाला पटेल तसं मत द्यायचं असतं. शिवाय दर खेपेला बहुतेक प्रतिनिधी नवे असतात. त्यामुळे कॅथलिकांशी कसं वागायचं, ज्यूंशी काय बोलायचं, हे एखादा धर्मगुरू ठरवून टाकत नाही. त्यावर अहवाल येतो, उपसूचना येतात आणि हात वर होतात. आता बटणं दाबतात, एवढाच फरक.

या लोकशाहीची किंमत पहिल्यांदा नीट कळते ती १९३२ मध्ये, आणि तिथे आपल्या मुलखाचाही संबंध येतो. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. १८७० मध्ये ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियनांच्या परदेशी मिशनकडे आलं. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी इस्पितळ उभारलं. सांगली-मिरजेकडचे लोक ‘वॉन्लेसवाडी’ हे नाव आजही रोज घेतात, ते यांचंच. अशा शाळा-इस्पितळांचा हेतू नेमका काय, हा प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ लागला होता. प्रेस्बिटेरियनांसह काही पंथांच्या सामान्य सभासदांनी एक चौकशी समिती नेमली. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग तिचे अध्यक्ष. समिती भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान फिरली आणि १९३२ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचा सूर असा, की मिशनऱ्यांनी इतर धर्मांना शत्रू न मानता सत्याच्या शोधातले सोबती मानावं, आणि औषधपाण्याला धर्मप्रचाराचं शेपूट जोडू नये.

झालं! पंथाच्या मिशन बोर्डाने अहवालातली धर्मविषयक भूमिका नाकारली. पण चीनमधल्या त्यांच्याच एका मिशनरी बाईंनी त्याचं जाहीर कौतुक केलं. त्या बाई म्हणजे ‘द गुड अर्थ’च्या लेखिका पर्ल बक. सनातनी बाजूचे पुढारी ग्रेशम मेचेन त्यांच्यावर आणि बोर्डावर तुटून पडले. १९३३ मध्ये बकबाईंनी राजीनामा दिला. मेचेन यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी वेगळं मिशन बोर्ड काढलं, त्याबद्दल त्यांच्यावर चर्चच्या न्यायसभेत खटला चालला, आणि १९३६ मध्ये ते आपले लोक घेऊन नव्या पंथात गेले. इतर धर्मांशी कसं वागायचं या वादात पंथाने दोन्ही टोकांची माणसं गमावली. हात बाहेर पुढे केला की घरातली भिंत तडकते, हे पुढेही दिसत राहतं.

इतर ख्रिस्ती पंथांशी जुळवून घेणं त्यामानाने सोपं असेल, असं वाटतं ना? तसं नव्हतं. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात पोपला चक्क ‘ख्रिस्तविरोधी’ ठरवलं होतं. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियनांनी ते शब्द १९०३ मध्ये काढले. मग डिसेंबर १९६० मध्ये पंथाचे मुख्य चिटणीस युजीन कार्सन ब्लेक यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एपिस्कोपल कॅथीड्रलमध्ये प्रवचन देताना थेट सुचवलं, की आपण, एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट असे चौघे मिळून एकच चर्च करू या. बिशप नावाचं पद त्यात राहील, हेही त्यांनी मान्य केलं. १९६२ पासून बोलणी सुरू झाली आणि पंथांची संख्या वाढत गेली. पण बिशप हा काटा काही निघेना. १९७२ च्या असेंब्लीने बोलण्यांतून अंग काढून घेतलं. १९७३ च्या असेंब्लीने पुन्हा आत पाऊल टाकलं. एका वर्षात पलटी! ते एकत्रीकरण शेवटी झालंच नाही.

नागपूरला मात्र झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. प्रेस्बिटेरियन परंपरेची मंडळी त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरेंबरोबर एकत्र आली, आणि बिशपपद स्वीकारून आली. वाइल्डर साहेबांच्या कोल्हापुरात आज या चर्चचा बिशप असतो. अमेरिकेतल्या मातृपंथाला जे जमलं नाही ते इथल्या लोकांनी केलं, याचा उल्लेख अमेरिकन इतिहासांत फार तर एका ओळीत येतो.

अमेरिकेत मग मोठं स्वप्न सोडून लहान करार झाले. १९८३ मध्ये यादवी युद्धापासून फुटलेले उत्तर-दक्षिण प्रेस्बिटेरियन एक झाले, आणि आजचं प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए) तयार झालं. १९९७ मध्ये लुथरन आणि आणखी दोन पंथांशी करार झाला. प्रत्येकाने आपापलं घर ठेवायचं, पण प्रभुभोजन एकमेकांचं मानायचं आणि एकाचा पाळक दुसऱ्याकडे नेमता येईल असं करायचं. ल्यूथर आणि झ्विंग्ली १५२९ मध्ये मार्बुर्गला ज्या भोजनाच्या अर्थावरून भांडून उठले, त्याच भोजनाबद्दल हा करार होता. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला कॅथलिक बिशपांबरोबर एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करणारा कागद झाला. ‘ख्रिस्तविरोधी’पासून इथवर यायला साडेतीन शतकांहून जास्त काळ गेला.

आता ज्यूंकडे. मराठीत ही गाठ फार आधी पडली होती. अमेरिकन नव्हे तर स्कॉटिश प्रेस्बिटेरियन असलेले जॉन विल्सन, मुंबईच्या विल्सन कॉलेजचे, यांनी बेने इस्रायल मुलांसाठी हिब्रू व्याकरण मराठीत लिहिलं होतं. हेतू अर्थात धर्मांतराचा. बेने इस्रायल लोकांनी हिब्रू शिकून घेतली आणि ते ज्यूच राहिले. इस्रायलमधून आमचं पॉडकास्ट ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या घरात ही गोष्ट ठाऊक असेल.

अमेरिकेतल्या पंथाने १९८७ मध्ये ज्यूंविषयी एक निवेदन अभ्यासासाठी मंडळ्यांकडे पाठवलं. देवाने ज्यूंशी केलेला करार रद्द झालेला नाही, ख्रिस्ती लोकांनी त्यांची जागा घेतलेली नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. शतकानुशतकांच्या तिरस्काराच्या शिकवणीनंतर हे मोठंच पाऊल. गावोगावी पाळक आणि रब्बी एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले होते, त्याला कागदाचा आधार मिळाला.

पण याच पंथाची दुसरी नाती पश्चिम आशियात होती. एकोणिसाव्या शतकापासून सीरिया-लेबनॉनमध्ये त्यांचे मिशनरी होते, आणि अरब ख्रिस्ती मंडळ्या त्यांच्या जुन्या सोबती. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोक सांगत होते, की आमच्या जमिनी जातायत, घरं पाडली जातायत, तुम्ही बोला. २००४ मध्ये रिचमंडच्या असेंब्लीने ४३१ विरुद्ध ६२ मतांनी ठरवलं, की इस्रायलमध्ये धंदा करणाऱ्या निवडक कंपन्यांतून आपला पैसा टप्प्याटप्प्याने काढण्याची प्रक्रिया सुरू करायची. ज्यू संस्थांना धक्का बसला. वर्षानुवर्षं एकत्र जेवणाऱ्यांना ही बातमी पेपरातून कळली, असं अनेक ठिकाणी झालं. २००६ ला बर्मिंगहॅमच्या असेंब्लीने ती भाषा बदलली आणि झालेल्या दुखापतीबद्दल खेद व्यक्त केला. २०१२ ला पिट्सबर्गमध्ये तीन कंपन्यांतून पैसा काढण्याचा प्रस्ताव आला आणि ३३३ विरुद्ध ३३१ मतांनी पडला. दोन मतं!

२०१४, डेट्रॉइट. कंपन्या त्याच: कॅटरपिलर, ह्युलेट-पॅकार्ड, मोटोरोला सोल्यूशन्स. रक्कम सुमारे २ कोटी १० लाख डॉलर, या कंपन्यांच्या मानाने चिल्लर. रिफॉर्म ज्यूंचे नेते रब्बी रिक जेकब्स स्वतः सभेत आले. प्रस्ताव फेटाळा, मी तुमच्या नेत्यांना घेऊन नेतान्याहूंकडे येतो, मिळून बोलू, असं ते म्हणाले. दुसऱ्या बाजूला प्रस्तावाच्या समर्थनात टी-शर्ट घालून आलेले काही ज्यू तरुणही होते. म्हणजे ‘ज्यूंचं मत’ असं एकसंध काही सभागृहात नव्हतंच, आणि ‘ख्रिस्ती लोकांचं मत’ही नव्हतं. मतदान झालं: ३१० विरुद्ध ३०३. पैसा काढायचं ठरलं. त्याच ठरावात इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केला होता, आणि जागतिक बहिष्कार चळवळीशी याचा संबंध जोडू नये, असंही लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत यातलं काही नव्हतं.

मला या मतदानात महत्त्वाचं वाटतं ते असं. पंथाच्या नियमपुस्तकात इतर ख्रिस्ती लोकांशी एकोपा आणि इतर धर्मीयांशी स्नेह ही दोन कर्तव्यं शेजारी-शेजारी लिहिलेली आहेत, जणू एकातून दुसरं आपोआप निघतं. डेट्रॉइटमध्ये ती एकमेकांसमोर उभी राहिली. बेथलेहेमच्या ख्रिस्ती भावाचं ऐकायचं, की रस्त्यापलीकडच्या रब्बीचं? सहाशे तेरा माणसांनी आपापलं उत्तर दिलं, आणि त्यातल्या कुणालाही मी सहज चूक म्हणू शकत नाही. आमच्या टीममध्येही यावर एकमत नाही, आणि भाग एडिट करताना ते लपवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

याच डेट्रॉइटच्या असेंब्लीने आणखी एक दस्तऐवज मंजूर केला होता: पंथाची सर्व धर्मांविषयीची भूमिका. इतरांचा आदर करायचा, त्यांच्याकडून शिकायचं, मिळून काम करायचं, आणि आपली श्रद्धाही लपवायची नाही. त्यात हिंदू आले, मुसलमान आले, सगळे आले. १८९२ च्या पोर्टलंडच्या ठरावाशेजारी ठेवून वाचला तर चकित व्हाल. पण त्यावर भांडण झालं नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

२०२२ मध्ये लुईव्हिलच्या असेंब्लीने पॅलेस्टिनींना इस्रायलची मिळणारी वागणूक वर्णभेदाच्या व्याख्येत बसते, असा ठराव केला आणि ज्यू संस्थांशी पुन्हा तुटातुटीची वेळ आली. या पंथात प्रश्न असा कायमचा मिटत नाही. २००४ पासून असेंब्ली दर दोन वर्षांनी भरते, तेव्हा तो परत कार्यक्रमपत्रिकेवर येऊ शकतो.

एक लहानसा नियम मात्र जाता जाता सांगतो, कारण रेकॉर्डिंगमध्ये तो राहूनच गेला. असेंब्लीत मत हरलेल्या प्रतिनिधीला आपली असहमती नोंदवून घेता येते. मग ठरावाबरोबर त्याचं नावही इतिवृत्तात छापलं जातं. ही इतिवृत्तं कुणालाही वाचता येतात. आकडे सोडून ती नावं वाचत बसलो, की वेळ कुठे गेला कळत नाही.