१ नोव्हेंबर : कचारगडाची सरहद्द

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात येऊन भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाला, तेव्हा सालेकशाजवळील कचारगडाचा जो अरण्यमय मुलूख तोवर शेजारच्या दुर्ग जिल्ह्यासह एकाच अमलाखाली होता, तो दोन राज्यांच्या सरहद्दीवर आला. आणि २००० साली याच तारखेस छत्तीसगड स्थापन होताच पलीकडच्या शेजाऱ्याचे नावही पालटले. दरेकसा-डोंगरगड वाटेने चालणारी धान, मोहफुले, लाख, चारोळी यांची देवघेव मात्र, जिला एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या रुळांचा आधार लाभला होता, दफ्तरातील या फेरफारांहून पुरातन आहे. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर २०१७ साली विक्रीकराची नाकी उठली, हे इष्टच झाले.

माघ पौर्णिमेस पारी कुपार लिंगो आणि जंगो यांच्या दर्शनार्थ अनेक राज्यांतील गोंड बांधव येथील विशाल गुहेकडे येतात, तेव्हा पायथ्याच्या पालांत पिवळे दुपट्टे, सप्तरंगी ध्वज आणि गोंडी भाषेची पुस्तके मांडलेली असतात. घेणारा कोणत्या राज्याचा, हे तेथे विचारले जात नाही.