मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा ‘बीके’ विषाणू

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागतात. या काळात ‘बीके’ विषाणू डोके वर काढू शकतो.

काय आहे हा विषाणू?
१९७१ मध्ये लंडनमधील संशोधकांना प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो प्रथम आढळला. त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘बीके’ हे नाव मिळाले. बहुतेकांना त्याचा संसर्ग बालपणीच होतो आणि पुढे तो मूत्रपिंडात सुप्तावस्थेत राहतो. प्रतिकारशक्ती घटली की तो वाढतो व मूत्रपिंडाच्या पेशी नष्ट करतो. पहिल्या दोन वर्षांत धोका अधिक असतो.

निदान
ताप, वेदना अशी लक्षणे सहसा नसतात. रक्तातील क्रिएटिनिन वाढते, तेही इजा झाल्यावर. त्यामुळे रक्ताची ‘पीसीआर’ तपासणी महत्त्वाची ठरते. पहिले नऊ महिने दरमहा व त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी ती करावी, अशी शिफारस २०२४ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. शंका असल्यास बायॉप्सी केली जाते.

औषधोपचार
सायटोमेगॅलो विषाणूवर व्हॅलगॅनसायक्लोव्हिर गुणकारी आहे. ‘बीके’वर मात्र असे सिद्ध झालेले औषध नाही. सिडोफोव्हिर, लेफ्लुनोमाइड वापरून पाहण्यात आली, पण त्यांचा ठोस लाभ सिद्ध झाला नाही. लेव्होफ्लॉक्सासिनही २०१४ मधील चाचण्यांत निष्प्रभ ठरले. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांची मात्रा टप्प्याटप्प्याने घटवून शरीराच्या प्रतिकारशक्तीला वाव देणे, हाच मुख्य उपचार आहे.

यातच खरी कसोटी आहे. मूत्रपिंड नाकारले जात असेल तर हीच औषधे वाढवावी लागतात आणि दोन्ही स्थितींत क्रिएटिनिन वाढते. निदान चुकले तर उपचारच घातक ठरू शकतो. म्हणून रुग्णाने स्वतःहून मात्रा बदलू नये.

दूरच्या रुग्णांसाठी
वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावातील रुग्णाला प्रत्यारोपण केंद्रासाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईसारखे शहर गाठावे लागते. प्रवास टाळण्यासाठी अनेकदा जवळच क्रिएटिनिन तपासून समाधान मानले जाते. मात्र क्रिएटिनिन योग्य असतानाही रक्तात विषाणू असू शकतो. ‘पीसीआर’साठी रक्ताचा नमुना जवळच्या शहरातून पाठविता येईल का, हे घरी परतण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. संसर्ग वेळीच लक्षात आला, तर बहुतेक रुग्णांचे मूत्रपिंड वाचविता येते.