सुई आली, उन्हाळा राहिला
१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांची वीण घडवून आणली. त्याआधी रोहू, कटला, मृगळ तळ्यात वाढत, अंड्यांनी भरतही. पण साचलेल्या पाण्यात अंडी सोडत नसत. बीज मुख्यतः पुराच्या नदीतून धरावं लागे. बंगालमधून निघालेल्या मातीच्या हंड्यांतलं पाणी वाटभर हाताने हलवत राहायचं, नाहीतर त्यातली इवली पिल्लं, म्हणजे मत्स्यजिरे, गुदमरत. एवढं करून त्यात नको त्या जातींची भेसळ असायचीच. त्यामुळे सुईचं कौतुक रास्त आहे. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळलाही जातो. पण सुईने माशाला ऋतूच्या तावडीतून सोडवलं, असं जे त्यावर सांगितलं जातं, ते पटण्याजोगं नाही. सुईने पुराची जागा घेतली, उन्हाळ्याची नव्हे.

मादीच्या अंगात दोन वेगळी कामं चालतात. पाणी तापू लागलं, दिवस मोठा झाला, की मेंदू पीयूषिका ग्रंथीला जागं करतो. तिची संप्रेरकं अंडाशयात पोचतात. तिथे अरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडिओल करतं आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत बलकाचं प्रथिन तयार करतं. हे काम काही महिन्यांचं. अंडं पिकून सुटणं मात्र काही तासांचं, आणि सुई एवढ्याच टप्प्यावर चालते. पिकलेल्या दुसऱ्या माशाच्या कवटीतून इवलीशी ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये राखायची, वेळ आली की घोटून तिचा अर्क करायचा. संध्याकाळी मादीला पहिली मात्रा, सुमारे सहा तासांनी दुसरी, मोठी. त्याच वेळी नराला एक. मग जोडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायची, पहाटेपर्यंत अंडी. पण त्याआधी मादीचं पोट दाबून बघतात, मऊ आणि फुगीर आहे ना. कच्च्या मादीला कितीही टोचलं तरी ती अंडी देत नाही.

कोणी म्हणेल, खरा इशारा पावसाचा. पुराचं पाणी तर उलट गारच असतं. बांकुडा-मेदिनीपूरच्या उतारावरच्या बांधांत लोक नेमकं हेच साधत आले: पावसाचं पाणी उथळ बांधात उतरलं, की पिकलेले मासे त्यात सोडायचे. कोकणातल्या वलगणीलाही पहिल्या पावसातच मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे सगळं खरं. पण चढणारी मादी गाभोळीने भरलेली असते आणि ती गाभोळी मृगाच्या एका सरीत तयार झालेली नसते. दुसरा आक्षेप ग्रंथीच्या अर्काऐवजी टोचल्या जाणाऱ्या तयार औषधांचा. त्यांतला मेंदूच्या संप्रेरकाचा कृत्रिम भाऊबंद आणि डोपामिनचा अडसर काढणारं द्रव्य मिळून माशाच्याच ग्रंथीला साठा सोडायला लावतात. सोय मोठी, मान्य. पण त्या साठ्याने पिकवायचं कोणाला, तर आधीच बलकाने भरलेल्या अंड्याला.

ऊब वाढेल तितकी बरी, असंही नाही. टास्मानियात पाळलेल्या अटलांटिक सामन माद्या २२ अंशांत ठेवल्या, तेव्हा १४ अंशांतल्या माद्यांपेक्षा त्यांचं इस्ट्राडिओल घटलं, बलकाचं प्रथिन कमी पडलं आणि अंडी कमी फळली. सामन थंड पाण्याचा, त्याचे अंश रोहूला लावता येणार नाहीत. पण पाण्याचा हात कुठवर पोचतो ते यातून दिसतं. आपल्याकडचा दाखला बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदवला आहे. पूर्वी पावसाबरोबर सुरू होणारा बंगाल-ओडिशातल्या हॅचऱ्यांचा हंगाम अलीकडच्या दशकांत महिना-दोन महिने अलीकडे सरकला, लांबलाही. चांगल्या खाद्याचा त्यात वाटा असेलही, पण संशोधकांनी तापलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं आहे. सुई तर या हॅचऱ्यांत आधीपासूनच होती.