ला पालिना : सिगारच्या पेटीवरचा चेहरा आणि नभोवाणीचे साम्राज्य

(धागा)

१/ सीबीएस हे विसाव्या शतकातील अमेरिकी प्रक्षेपण-क्षेत्रातले एक बलाढ्य नाव. या संस्थेच्या उभारणीमागचा पैसा आणि प्रेरणा मात्र तंबाखूच्या पानातून आली होती. त्या सिगारचे नाव ‘ला पालिना’. हे नाव एकदा विस्मृतीत गेले आणि २०१० मध्ये पुन्हा बाजारात आले. त्याची ही हकीकत.

२/ प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीत सिगारसाठी रूढ असलेला ‘चिरूट’ हा शब्द मूळचा तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. विडीप्रमाणे सिगारही ‘वळतात’. आत भरणाची पाने, त्यांभोवती बांधणीचे पान आणि सर्वांत वर निवडक बाह्यपान, असे तिचे तीन थर असतात.

३/ सॅम्युअल पेली हा कीव्हजवळच्या ब्रोव्हारी येथील ज्यू कुटुंबातला मुलगा. १८८०च्या दशकात हे कुटुंब रशियन साम्राज्य सोडून शिकागोला आले. सॅम्युअल सिगार वळण्याचे काम शिकला, तंबाखूची पारख शिकला आणि १८९६ मध्ये त्याने ‘काँग्रेस सिगार कंपनी’ स्थापन केली.

४/ कंपनीची प्रमुख सिगार म्हणजे ‘ला पालिना’. हे नाव ‘पेली’ या आडनावाला दिलेले स्पॅनिश वळण होते. पेटीवरील स्त्रीचे चित्र सॅम्युअलची पत्नी गोल्डी हिचे. तिला स्पॅनिश पेहरावात रंगवले होते. कारण सरळ होते : उत्तम सिगार म्हणजे हवाना, ही ग्राहकांची धारणा. शिकागोतील स्थलांतरित कुटुंबाने वळलेली सिगारही त्यामुळे स्पॅनिश नाव आणि मुखवटा घेऊन अवतरली.

५/ जाहिरातींत मात्र जावा बेटावरच्या बाह्यपानाचे गुणगान असे. जावा तेव्हा डच वसाहत होती. म्हणजे नाव स्पॅनिश, चेहरा युक्रेनमधून आलेल्या कुटुंबातल्या सुनेचा, पान आशियातले आणि कारखाना अमेरिकेचा. ‘परंपरा’ म्हणून जी पुढे मिरवली गेली, ती मुळातच अशी जुळवून आणलेली होती.

६/ शिकागोतील कामगारांच्या संपांना वैतागून सॅम्युअलने कारभार फिलाडेल्फियाला हलवला. धंदा तेथे वाढला. मुलगा विल्यम (जन्म १९०१) व्हार्टनमधून १९२२ मध्ये पदवी घेऊन कंपनीत आला आणि जाहिरातींचे काम पाहू लागला.

७/ याच काळात सिगारपुढे एक संकट उभे होते. पहिल्या महायुद्धानंतर सिगारेटचा खप झपाट्याने वाढत होता. ती स्वस्त होती, चटकन ओढून संपत होती आणि तरुणांना आपलीशी वाटत होती. सिगार ही वडीलधाऱ्यांची वस्तू ठरू लागली होती. नवा ग्राहक गाठायचा कसा, हा प्रश्न पेलींसमोर होता.

८/ वडील आणि काका जेकब परगावी असताना विल्यमने डब्ल्यूसीएयू या स्थानिक नभोवाणी केंद्रावर आठवड्याला ५० डॉलर देऊन एक कार्यक्रम सुरू केला : ‘ला पालिना अवर’. काका परतले, हा खर्च त्यांना उधळपट्टी वाटली आणि कार्यक्रम बंद झाला.

९/ पुढे जे घडले ते विल्यमने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. वडिलांना भेटणारे लोक त्या कार्यक्रमाचे काय झाले, असे विचारू लागले. वृत्तपत्रे आणि मासिके यांवर कंपनीने लाखो डॉलर ओतले होते, पण त्या जाहिरातींबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. ५० डॉलरच्या कार्यक्रमाची अनुपस्थिती मात्र लोकांना जाणवली होती.

१०/ सप्टेंबर १९२७ मध्ये १६ केंद्रांचे ‘कोलंबिया’ जाळे सुरू झाले. ते लवकरच आर्थिक अडचणीत सापडले. या जाळ्यावर ‘ला पालिना स्मोकर’ हा कार्यक्रम सादर होऊ लागला. गप्पा मारणाऱ्या पुरुषांच्या मैफलीत ‘मिस ला पालिना’ ही एकटी गायिका, अशी त्याची मांडणी होती. पेटीवरच्या चित्राला आता आवाज मिळाला. पेली कुटुंबाच्या कथनानुसार या काळात सिगारचा खप दुपटीहून अधिक वाढून दिवसाला १० लाखांच्या घरात गेला.

११/ २६ सप्टेंबर १९२८ रोजी, सत्ताविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, विल्यम पेली त्या जाळ्याचा अध्यक्ष झाला. कुटुंबाने त्यातील निर्णायक हिस्सा विकत घेतला होता. दरम्यान सिगार कंपनीचे नियंत्रण ‘पोर्टो रिकन-अमेरिकन टोबॅको कंपनी’ला विकले गेले होते. सिगारचा पैसा नभोवाणीत आला. पेली मोठे झाले, ला पालिना मात्र मागे पडून कालांतराने बाजारातून नाहीशी झाली.

१२/ नियतीचा फेरा असा की, २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. ज्या सीबीएसचे मूळ सिगारच्या जाहिरातीत होते, तिलाच आता तंबाखूच्या मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागले.

१३/ २०१० मध्ये विल्यमचा मुलगा बिल पेली याने आजोबांचे हे नाव पुन्हा बाजारात आणले. मधल्या काळात सिगारचे जगच बदलले होते. १९६२च्या निर्बंधांमुळे क्यूबाची सिगार अमेरिकेला वर्ज्य झाली होती. तेथून बाहेर पडलेल्या उत्पादकांनी होंडुरास, निकाराग्वा, डोमिनिकन प्रजासत्ताक येथे बस्तान बसवले होते. जुना कारखाना उरला नव्हता, जुने कारागीरही नव्हते.

१४/ नव्या मालिका म्हणूनच वेगवेगळ्या देशांत तयार झाल्या. ‘फॅमिली सिरीज’ बहामातील नासाऊ येथे वळली गेली. तिच्यातील एका आकाराला विल्यमची पत्नी ‘बेब’ हिचे नाव मिळाले. ‘एल दियारिओ’ होंडुरासमधली. ‘गोल्डी’ मायामीच्या ‘एल टायटन दे ब्रोन्झे’ या छोट्या कारखान्यात, मर्यादित संख्येने वळलेली. ‘मिस्टर सॅम’ ही संस्थापकाच्या स्मरणार्थ. एके काळी लाखोंनी खपणारी सिगार आता मोजक्या शौकिनांसाठीची महागडी वस्तू झाली.

१५/ या पुनरुज्जीवनाला दुसरीही बाजू आहे. पेटी कितीही देखणी असली तरी आतल्या वस्तूचा स्वभाव बदलत नाही. धूर छातीत न ओढताही सिगारमुळे तोंडाचा, घशाचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. आजोबांच्या काळातील ग्राहकाला हे ठाऊक नव्हते. नातवाच्या ग्राहकाला ठाऊक आहे.

१६/ मग २०१० मध्ये नेमके काय पुन्हा जिवंत झाले? पाने नवी, हात नवे, देश नवे. टिकले ते नाव, गोल्डीचा चेहरा आणि कुटुंबाची गोष्ट. १९२०च्या दशकातही लोकांनी विचारपूस केली होती ती कार्यक्रमाची, सिगारच्या चवीची नव्हे. वस्तूपेक्षा तिच्याभोवतीची गोष्ट अधिक काळ टिकते, हा धडा पेली कुटुंबाला ५० डॉलरांत मिळाला होता. नातवाने तोच धडा पुन्हा गिरवला.