निष्काळजी हाताची परीक्षा

फेब्रुवारी १९८३, टोकियो. हवा कोरडी ठाक. लोकरी स्वेटर काढताना चरचर ऐकू येते. तुम्ही दुरुस्तीच्या टेबलाशी बसला आहात. १ ऑक्टोबर १९८२ला पहिला सीडी प्लेअर बाजारात आला, किंमत १,६८,००० येन. त्याचा सगळा डोलारा ज्यावर उभा, तो लेझर डायोड तुमच्या चिमट्यात आहे: धातूची इवलीशी टोपी, तीन पाय आणि आत रव्याच्या कणाएवढा स्फटिक.

आज तो मुद्दाम हलगर्जीपणे हाताळायचा आहे.

आधी मोजणी. प्रवाह हळूहळू वाढवा. बराच वेळ उजेड नावापुरताच. ५० मिलीअँपिअरच्या आसपास मात्र प्रकाशमापकाचा काटा झपकन वर जातो. इथून पुढे लेझर. डोळा समोर आणू नका. ७८० नॅनोमीटरचा हा किरण जेमतेम दिसतो, पण इजा करू शकतो.

आता अंगावरची स्थिर वीज जमिनीत नेणारा मनगटाचा पट्टा सोडा, गालिच्यावरून एक फेरी मारा. डायोड अर्थिंग केलेल्या पत्र्याला जोडलेला आहे. त्याचा मोकळा पाय बोटाने शिवा. ठिणगी नाही, चटका नाही. ३,००० व्होल्टच्या आतला झटका माणसाला सहसा कळतच नाही.

पुन्हा मोजा. प्रवाह ५०, ६०, ८०. काटा रांगतोच आहे. उजेड आहे, लेझर गेला. त्या निमिषार्धाच्या लोंढ्याने आत इतका प्रकाश दाटला, की स्फटिकाचा आरशासारखा पैलू स्वतःच्याच तेजाने वितळला.

दुसऱ्या डायोडला मोजून झटका द्या. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओहमचा रोध ही माणसाच्या शरीराची ठरलेली नक्कल. व्होल्टेज थोडंथोडं चढवा, दर झटक्यानंतर मोजा. एका पायरीवर काटा उसळतो खरा, पण पूर्वीपेक्षा दोन मिलीअँपिअर उशिरा.

हा प्लेअरमध्ये बसवाल? गाणं आज स्वच्छ वाजेल. पण पैलूवरची जखम रोजच्या तापण्याने वाढत जाईल, आणि काही आठवड्यांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईल तेव्हा आजचा झटका कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. मेलेला डायोड मोजणीत लगेच सापडतो. जखमी डायोड मात्र आधीचा आकडा लिहून ठेवला असेल तरच पकडता येतो. तुमच्या वहीत तो आहे, म्हणून हा डायोड भंगारात टाका. पुढचा उचलण्याआधी पट्टा बांधा.