हुसेन : मदिनेपासून चार पुतळ्यांपर्यंत



बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. मुसलमान घरात बाळाच्या कानात आधी अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवतात. रीत वेगळी, पण घरातल्या बायकांची चर्चा तीच. नाव कोणाचं ठेवायचं? अर्थ काय? आजीला उच्चारता येईल का?

आज अशाच एका नावाची गोष्ट सांगणार आहे. नाव आहे हुसेन. सोलापूरला ते नवं नाही. पुण्याला जायला आपण ज्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसतो, ती ज्या चार हुतात्म्यांच्या नावानं धावते, त्यांतले एक कुर्बान हुसेन. नाव आपण घेतो, पण त्याचा अर्थ क्वचितच विचारतो.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून तयार होतात. ह, स आणि न या मुळाचा अर्थ चांगलं असणं, सुंदर असणं. त्यापासून 'हसन', म्हणजे सुंदर, भला. 'हुसेन' हे त्याच शब्दाचं लाडाचं, लहान रूप. आपण बाळचं बाळू करतो ना, तसंच. अरबीत अशा लाडक्या रूपांचा एक ठरलेला साचा आहे. अब्दपासून उबैद, उमरपासून उमैर, तसा हसनपासून हुसेन. मोहसिन म्हणजे भलं करणारा, एहसान म्हणजे उपकार, आणि हसीना, हे सगळे याच कुळातले शब्द.

हे लाडाचं रूप अगदी शोभेल अशा घरात आलं. पैगंबरांची मुलगी फातिमा आणि जावई अली यांचा थोरला मुलगा हसन. त्याच्या पाठीवर इसवी सन ६२६ मध्ये मदिनेत दुसरा मुलगा झाला, तो हुसेन. दोन भावांची एकाच शब्दातून निघालेली नावं, जशी आपल्याकडे जोडीची नावं ठेवतात.

पुढे यझीद नावाच्या सत्ताधीशाला मान्यता द्यायला हुसेन यांनी नकार दिला. १० ऑक्टोबर ६८० रोजी, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, इराकात करबला इथं त्यांना वेढून मारण्यात आलं. परंपरा सांगते की बरोबर बहात्तर साथीदार होते आणि युफ्रेटिस नदी जवळ असूनही त्यांचं पाणी तोडलं होतं. मागे राहिल्या त्या बायका आणि मुलं. हुसेन यांची बहीण झैनब कैदी म्हणून दमास्कसला नेली गेली, आणि तिनं भर दरबारात यझीदला सुनावलं, असं ही परंपरा सांगते. मैत्रिणींनो, करबलाची हकीकत घरोघरी पोचली त्यात या बहिणीच्या शब्दांचा मोठा वाटा मानला जातो. त्यानंतर 'हुसेन' म्हणजे नुसतं गोजिरं बाळ राहिलं नाही. अन्यायापुढे मान न झुकवणारा माणूस, असा अर्थ त्या नावाला चिकटला. म्हणूनच शिया आणि सुन्नी, दोन्ही घरांत हे नाव आवडीनं ठेवलं जातं.

दख्खनमध्ये हे नाव सिंहासनावरही बसलं. अहमदनगरच्या निजामशाहीनं सोळाव्या शतकात शिया पंथ स्वीकारला. तिथला सुलतान हुसेन निजामशाह याची कारकीर्द १५५३ ते १५६५. आपल्या सोलापूरच्या किल्ल्यावरून निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही वर्षानुवर्षं भांडत होत्या. शेवटी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी दोघांनी सोयरीक केली. हुसेन निजामशाहानं आपली मुलगी अली आदिलशाहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून दिला. ती मुलगी म्हणजे चाँदबिबी. सिद्धेश्वर तलावाकाठचा हा किल्ला कधीकाळी एका लेकीच्या लग्नात दिला गेला होता, आणि देणाऱ्या बापाचं नाव हुसेन होतं.

दरबाराबाहेरही नाव रुजलं. सतराव्या शतकात हुसेन अंबरखान नावाच्या माणसानं भगवद्गीतेवर मराठीत टीका लिहिली. तिचं नाव 'अंबरहुसेनी'. अरबी नावाचा माणूस, संस्कृत गीता आणि मराठी भाषा! उलट्या बाजूनंही देवघेव झाली. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफ हा अरबी शब्द, अर्थ थोर, कुलीन. म्हणजे शिवाजी महाराजांच्या सख्ख्या काकांचं नाव अरबी होतं. आपल्या खेड्यापाड्यांत पिराजी आणि फकिरा ही नावं हिंदू घरांत ठेवली गेली, ती अशाच श्रद्धेतून.

मोहरमचं तर काय सांगावं! सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत पाहायला लांबून लोक येतात, आणि ते उचलायला हिंदू-मुसलमान दोघंही असतात. मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही आर्त हाक गोऱ्या शिपायांना नीट ऐकू येईना. त्यांनी तिचं 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. १८८६ मध्ये हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा एक जाडजूड कोश निघाला, त्याचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन' ठेवलं गेलं.

आता एक गंमत पाहा. आपल्याकडे हे नाव पुष्कळदा दुसऱ्या शब्दाच्या जोडीनं येतं. झाकीर हुसेन म्हणजे हुसेनचं स्मरण करणारा. तबलानवाज झाकीर हुसेन यांच्या घराण्याचं आडनाव कुरेशी होतं, तरी जगानं त्यांना हुसेन म्हणूनच ओळखलं. गुलाम हुसेन म्हणजे हुसेनचा सेवक. फिदा हुसेन म्हणजे हुसेनवर जीव ओवाळणारा.

हे फिदा हुसेन नाव आपल्या जिल्ह्यातलं आहे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन १७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात जन्मले. त्यांचं स्वतःचं नाव मकबूल, म्हणजे स्वीकारला गेलेला, आणि फिदा हुसेन हे वडिलांचं नाव. दीड-दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, पण तिचं नऊवारी लुगडं त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येत राहिलं.

आणि कुर्बान हुसेन? 'कुर्बान' आपण बळी या अर्थानं घेतो. पण मूळ अरबी धातूचा अर्थ आहे जवळ असणं. हिंदीतला 'करीब' त्यातलाच. ईश्वराच्या जवळ नेतं ते अर्पण म्हणजे कुर्बान.

१९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. चिडलेल्या जमावानं मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले. १२ मे रोजी सरकारनं लष्करी कायदा लावला, तो जूनअखेरपर्यंत होता. राष्ट्रीय झेंडा मिरवणं हासुद्धा गुन्हा ठरला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती दिली गेली. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन तेव्हा विशीतले होते. 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र ते चालवत. गझनफर हाही अरबी शब्द, अर्थ सिंह.

त्या चौघांची नावं एकदा सावकाश म्हणून पाहा. मल्लप्पा धनशेट्टी. यातला 'अप्पा' कानडी आहे, आणि 'मल्ल' आपल्या सिद्धरामेश्वरांच्या आराध्याचा, मल्लिकार्जुनाचा. जगन्नाथ शिंदे. जगन्नाथ शुद्ध संस्कृत, शिंदे अस्सल मराठी. श्रीकिसन सारडा. कृष्णाचा किसन झाला तो बोलीत, आणि सारडा हे आडनाव मारवाडातलं. चौथं कुर्बान हुसेन, अरबी. एका पहाटेची ही चार नावं म्हणजे सोलापूरच्या पेठांचा नकाशाच आहे.

हे सगळं आज का सांगते? घर भाड्यानं पाहताना मुलाचं नाव सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलतो, असं कितीतरी आया सांगतात. काही जणी शाळेत घालताना मुद्दाम कुठलंच ओळखू न येणारं नाव शोधतात. आईला आवडलेलं नाव भीतीपोटी बाजूला ठेवावं लागणं, ही साधी गोष्ट नाही. ज्या नावाला आपण 'बाहेरचं' म्हणतो, त्या नावाच्या बापानं हा किल्ला लेकीला दिला, त्या नावाच्या लेखकानं गीता मराठीत आणली आणि त्या नावाच्या तरुणानं या गावासाठी गळ्यात दोर घेतला. एखाद्या नावानं गावचं व्हायला याहून जास्त काय करायचं असतं?

येत्या १२ जानेवारीला गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू असेल. मुलांना घेऊन बाहेर पडाल, तेव्हा चार पुतळ्यांपाशी थोडं थांबा. चारही नावं मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि प्रत्येकाचा अर्थ सांगा. हुसेनचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे.